एकाचाच पास

बेळगावच्या दवाखान्यात साथीमुळं पेशंटजवळ एकालाच सोडत होते, तेही मास्क लावून. थोरला म्हणून पास भरमानंच गळ्यात अडकवला. आजारी वडील, आप्पा, आपलीच वाट बघत असणार, याबद्दल त्याला शंकाच नव्हती. धाकट्या भावाला, परशरामाला, तो घराची पायरी चढू देत नव्हता; इथं कसला सोडतोय? परशराम दाराशी बाकड्यावर बसून राहिला.

आत आप्पांनी हात पुढं केला. मास्कच्या वर त्यांना डोळेच तेवढे दिसत होते.

"परशा, आलास व्हय रं? भरमानं सोडलं तुला?"

भरमानं तो हात धरला. "व्हय आप्पा. भरमाअण्णानंच धाडलंय मला."

बाहेर येऊन त्यानं पास परशरामाच्या गळ्यात घातला.

"जा आत. तुझं आप्पांसंगं बोलणं अर्धं ऱ्हायलंय."