अकरा मिनिटांचा फरक

“तू पुन्हा व्हिडिओ लावला होतास ना?” घड्याळजींनी टीव्हीकडे बोट दाखवत बायकोला विचारलं.

“मी? अहो, मला तो सुरूसुद्धा करता येत नाही,” कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली.

घड्याळजी चक्रावले. उभं आयुष्य सेकंदकाट्यांशी झटापट करण्यात गेलेलं. काल त्यांनी व्हिडिओ सहाव्या मिनिटाला थांबवला होता आणि सवयीने कागदावर तसं टिपूनही ठेवलं होतं. आज तो सतराव्या मिनिटावर उभा होता.

लॅपटॉप मुलाचा. सात वर्षांपूर्वी बापाशी कडाक्याचं भांडून तो घराबाहेर पडला, तो पडलाच. ना फोन, ना पत्र. पोलिसांनीही हात टेकले. लॅपटॉप कपाटात धूळ खात राहिला. पडद्याला तडा, निम्मी बटणं मेलेली. गेल्या आठवड्यात भाचीने तो बाहेर काढला, पंखा साफ केला आणि वायरने टीव्हीला जोडून दिला.

“दादाने लहानपणचे सगळे व्हिडिओ चढवून ठेवलेत, मामा. बघत बसा,” ती म्हणाली होती.

टेबलावर वकिलाने तयार केलेला अर्ज होता. मुलाला कायद्याने मृत समजावं, असा. घड्याळजींनी छातीवर दगड ठेवून सही केली होती. बायकोची राहिली होती. सोमवारी अर्ज कोर्टात द्यायचा होता.

“सही करवत नाही म्हणून चोरून बघतेस. उघड बघ की! मी काय खाणार आहे तुला?”

“चोरून कशाला बघू? माझाच मुलगा आहे. बघत तुम्हीच असाल आणि आळ माझ्यावर!”

हे घड्याळजींना झोंबलं. ती भाजीला गेली की ते खरंच व्हिडिओ लावून बसायचे आणि डोळे पुसायचे. पण अकरा मिनिटं पुढे? छे.

रविवारी त्यांनी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. व्हिडिओ थांबवला, मिनिट टिपलं, लॅपटॉप बंद करून त्याची वायर पिशवीत टाकली, घराला कुलूप लावलं आणि बायकोला घेऊन दिवसभर बहिणीकडे जाऊन बसले.

संध्याकाळी दोघांनी मिळून लॅपटॉप सुरू केला. व्हिडिओ नऊ मिनिटं पुढे गेलेला.

घड्याळजींनी भाचीला फोन लावला. “अगं, हे यंत्र बंद असतानाही चालतंय!”

ती हसली. “मामा, व्हिडिओ लॅपटॉपमध्ये नाहीतच. ते इंटरनेटवर आहेत, दादाच्या खात्यात; या लॅपटॉपवर ते आधीपासूनच उघडं आहे. कुणी कुठूनही बघितले, तरी जिथे थांबवले तिथून पुढे सुरू होतात. पासवर्ड कुणाकुणाला दिलाय तुम्ही?”

“आम्ही? आम्हाला कुठे माहीत आहे? त्याने तो कधी कुणाला सांगितलाच नाही.”



“मामा,” भाची घाईघाईने म्हणाली, “तो अर्ज अजून दिला नाहीत ना?”