भिंतीतली खाच

"ही खाच म्हणजे प्रवाह," सर तिन्ही परीक्षकांना सांगत होते. "दारापासून निघते, भिंतीभिंतीनं घरभर फिरते आणि परत दाराशी येते. एवढंसं घर, पण ह्या एका रेषेनं केवढं मोठं वाटतं बघा. मला ती एका पहाटे सुचली."

सुचली म्हणे! दारात उभ्या सुताराला खोकल्याची उबळ आली.

ती मागं उभी होती, काखेत नकाशांची गुंडाळी धरून. नऊ वर्षं ती सरांच्या ऑफिसात नकाशे काढत होती. हा नकाशाही तिचाच. स्वतःच्या घरासाठी काढलेला, जमलाय का बघा म्हणून सरांना दाखवलेला. सरांनी "ठेवून जा" म्हटलं आणि छोट्या घरांच्या स्पर्धेत आपल्या नावानं धाडून दिला. तो पहिला आला. नकाशाबरहुकूम घर बांधून झालं आणि आज परीक्षक ते आतून बघून बक्षिसावर शिक्कामोर्तब करणार होते.

वर्षभर तिनं तोंडातून ब्र काढला नव्हता. उलट रोज कामावर हजर राहून मापं धरली होती. "सूतभरही इकडंतिकडं होऊ देऊ नका," असं सुताराला बजावलं होतं. तिला भांडायचं नव्हतं, रडायचंही नव्हतं. चारचौघांत ह्या माणसाचं तोंड पडलेलं बघायचं होतं.

"ह्या आमच्या रेघोटीबाई," सरांनी तिची ओळख करून दिली. "माझ्या कल्पना गिरवतात."

परीक्षकबाईंनी शेगडीशेजारच्या कोनाड्याकडं बोट केलं. वीतभर रुंद, खाचेला लागून, रिकामा. "आणि हे काय?"

"शून्य. माणसानं घरात एक तरी जागा रिकामी ठेवावी."

"ओट्याचे कोपरे गोल का?"

"मवाळपणा आणलाय."

"आणि फरशी इथं मध्येच खरबरीत?"

"तिथं ऋतू बदलतो."

विचारायचा अवकाश, उत्तर तयार! हे सगळं कशासाठी आहे, हे जिला विचारायला हवं होतं ती वर्षभर समोरच्या टेबलाशी बसत होती. तिला मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

"सर, माझी आई आलीय," ती म्हणाली. "बाहेर बसलीय. घर बघू दे का तिला?"

सर खुशीत होते. "येऊ दे की! लेक कुठं काम करते ते त्यांनाही कळू दे."

सुतारानं आईला दंडाला धरून दारापर्यंत आणलं आणि हात सोडला. तेव्हा कुठं सगळ्यांच्या लक्षात आलं की आईला दिसत नाही.

"अहो, धरा त्यांना! पडतील," सर म्हणाले. कुणी धरलं नाही.

आईनं वहाणा काढल्या. काठी दाराला टेकवून ठेवली. डाव्या हाताची दोन बोटं खाचेत घातली आणि चालायला लागली, भराभर, आपल्या घरात चालावं तशी. सातव्या पावलाला तळव्याखाली खरबरीत फरशी लागली तशी थांबली, भिंतीकडं वळली. ओट्याचा गोल कोपरा कमरेला नुसता घासून गेला. उजवा हात सरळ कोनाड्यात.

"अगं, काडेपेटी ठेवायला विसरलीस का?"

परीक्षकबाई जवळ गेल्या. "आजी, तुम्ही आधी आला होतात इथं?"

"इथं? छे हो. पण ह्या घरात दोन वर्षं चाललेय मी. लेकीनं गच्चीवर खडूनं आखलं होतं ना, एवढंच्या एवढं. आता मला खडू दिसतोय होय! म्हणून मग कडेनं दोरी बांधली. रोज संध्याकाळी चालायचं. माझं पाऊल चुकलं की ही पुसायची आणि परत आखायची. डोकं उठवलं होतं पोरीनं." आईनं हसून खाचेवर थाप मारली. "ही आमची दोरी."

"तसं... ऑफिसात चर्चा होतच असते," सर म्हणाले. "कल्पना काय, कुणाच्याही बोलण्यातून..."

"मघाशी पहाटे सुचली म्हणालात," परीक्षकबाई म्हणाल्या.

सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पार उतरला. ती डोळ्याची पापणी न लववता बघत होती. वर्षभर थांबली होती, आता एक क्षणही सोडायचा नव्हता. जिवाला कसं गार वाटलं तिच्या!

आई पुढं निघाली. बोटं खाचेतच. खिडकी, पलंगाची उशाकडची बाजू, कपाट, पुन्हा दार. खाच संपत होती तिथं पितळी पाटी होती. पाटीची जागाही लेकीनंच नकाशात ठेवली होती. आईची बोटं खाचेतून अलगद पाटीवर उतरली. डोळे जाण्याआधी आई शाळेत पोरांकडून अक्षरं गिरवून घ्यायची. कोरलेलं नाव तिनं एकेक अक्षर चाचपून वाचलं. मग परत एकदा वाचलं.

"हा कोण गं, आपल्या घरात?"

"कुणी नाही, आई."

परीक्षकबाईंनी सरांकडं पाहिलं, मग पाटीकडं. "स्क्रूड्रायव्हर आहे का कुणाकडे?"

सुताराच्या खिशात तो सकाळपासून होता.