पत्र्याचं औषध

रंगाच्या आधी प्लॅस्टिकच सुटायला लागलं. पेंटर पट्टीनं बंपरवरचा लाल रंग खरवडत होता आणि पट्टीला खालचा काळा गर चिकटून वर येत होता.

“बाबा, थांबा! पाणी!” लेक पाइप घेऊन धावली. दोघांनी भसाभसा पाणी मारलं, फडक्यांनी पुसलं. उपयोग शून्य. बंपरचा डावा कोपरा सुरकुतला, खाली लोंबला आणि तसाच राहिला.

रंग काढायची त्यांच्याकडे दोन औषधं होती. एक पत्र्याचं, जहाल. दुसरं प्लॅस्टिकचं, मवाळ. पत्र्याचं प्लॅस्टिकला लागलं की खेळ खलास. डबे दिसायला सारखेच. लेकीनं ठळक अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, पण पेंटर त्या वाचेल तर शपथ. “चिठ्ठ्या वाचायला लागलो की समज, म्हातारा झालो,” म्हणायचा. झाकण उघडायचा, वास घ्यायचा, मान डोलवायचा आणि कामाला लागायचा. चाळीस वर्षांत त्याचं नाक चुकलं नव्हतं.

“डबे काल तूच भरलेस ना?” तो ओरडला. “लक्ष कुठं असतं तुझं?”

लेकीनं डबा उचलला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘फक्त पत्रा’. तिनं झाकण उघडलं मात्र, हातभर अंतरावरून तो उग्र दर्प भपकन अंगावर आला. आत तेच होतं, जे लिहिलं होतं. आणि सकाळी ह्याच डब्यात नाक खुपसून बाबांनी मान डोलवलेली तिनं पाहिली होती.

तिनं डबा त्याच्यासमोर धरला. त्यानं खोल श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग तोंड फिरवलं.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“होतील दोन वर्षं. डब्यांच्या जागांवरून ओळखायचो, काल त्या बदलल्या असणार.”

तेवढ्यात टॅक्सीवाला आला. परवा त्याच्या गाडीचं पासिंग होतं. गाडी इतकी जुनी, की कंपनीनं तिचे भाग बनवणं केव्हाच सोडलेलं. पंधरा दिवस भंगारवाले पालथे घातल्यावर त्याला हा एक बंपर मिळाला होता. लाल होता, तो पांढरा करून हवा होता. टॅक्सीवाला खाली उकिडवा बसला. लोंबलेला कोपरा त्यानं दोन्ही हातांनी वर उचलून पाहिला. सोडल्यावर तो पुन्हा खाली आला.

“काका, चूक माझी आहे,” लेक म्हणाली. “डब्यांची अदलाबदल माझ्याकडून झाली.”

टॅक्सीवाल्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “तुमच्या हाताकडे बघून दिला होता हो मी,” तो पेंटरला म्हणाला. “पोरीवर कशाला सोपवलंत?”

पेंटर फडकं उचलून पट्टी पुसत राहिला.

“आता मी काय करू, तेवढं तरी सांगा.”

टॅक्सीवाला बंपर काखेत मारून निघून गेला.

शटर ओढून दोघं घरी निघाली. जेवायला अजून तासभर अवकाश होता, पण कामाला हात लावावासा वाटत नव्हता. जिन्यात कठड्याला धरून पेंटर थांबला.

“आईला कळू देऊ नकोस,” तो म्हणाला. “रोज दारातूनच सांगतो मी तिला, काय झकास वास सुटलाय म्हणून. तेवढ्यानं फुलते गं ती.”

लेकीनं मान हलवली. दार उघडंच होतं. उंबऱ्याशी चपला काढता काढता त्यानं छाती भरून श्वास घेतला.

“वा! आज तर घमघमाट सुटलाय!”

लेक स्वयंपाकघरात डोकावली. गॅस पेटलेलाच नव्हता. आई खाली बसून भाजी निवडत होती. तिनं लेकीकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तुमच्या नाकापासून काही म्हणून लपत नाही, बाई!”