दिवे लागल्यावर मीठ

कल्पना करा, तुम्ही एका लाकडी बादलीवर बसला आहात. खाली गोणपाटाची घडी आहे आणि तिच्यातून गारवा वर येतो आहे. भोवती मात्र नागपूरचा मे महिना, संध्याकाळ झाली तरी तापलेला. बादलीत बर्फ, बर्फात दुधाचा डबा, डब्याला फिरवायचा दांडा. बादली हलू नये म्हणून तुम्हाला वर बसवलं आहे.

१९७१ साली इतवारीच्या एका गल्लीत दहा वर्षांची वच्छला अशी बसली होती. तिचे बाबा, मनोहरराव, अर्ध्या तासापासून दांडा फिरवत होते. दारात धाकटा लहानू उभा होता, गळ्याला रुमाल बांधून. परवा त्याच्या टॉन्सिलचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून त्यानं पाण्याच्या घोटापलीकडे काही गिळलं नव्हतं. डॉक्टरांनी आईस्क्रीम चालेल म्हटलं, तेव्हा कुठे त्यानं मान हलवली होती.

दांडा हलकाच फिरत होता. दूध गोठू लागलं की तो जड होतो.

"मीठच कमी पडलं," मनोहरराव थांबून म्हणाले. घरातलं मूठभर मीठ केव्हाच बर्फात गेलं होतं. कोपऱ्यावरचं दुकान सोमवारचं बंद होतं.

"मिठानं तर बर्फ लवकर वितळते, बाबा. मग टाकायचं काहून?"

"म्हणूनच. नुसता बर्फ शून्यावर वितळते. तेवढ्या थंडीत साखरेचं दूध गोठत नाही. मीठ पडलं की तोच बर्फ शून्याच्या खाली वितळते, अन् त्यासाठी लागणारी ऊब दुधातून ओढून घेते. जाय, समोरच्या काकूले वाटीभर जाडं मीठ माग."

समोरच्या जिजाबाईंनी नुकताच देवापाशी दिवा लावला होता. वाटी पाहून त्या हसल्या, पण बरणीला त्यांनी हात लावला नाही.

"दिवे लागले वं आता. दिवे लागल्यावर मीठ घराबाहेर जात नाही. सकाळी ये, बरणीभर देतो."

"सकाळपर्यंत बर्फ राहते का, काकू?"

"मी काय करू, बाई? माह्या सासूनं कधी मोडलं नाही, मी कशी मोडू?"

वच्छला रिकामी वाटी घेऊन परतली. लहानूनं वाटीत डोकावून पाहिलं आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. बादलीत बर्फाचे तुकडे पाण्यावर तरंगू लागले होते.

तिनं थोडा वेळ त्या तुकड्यांकडे पाहिलं. मग गोणपाट बादलीखाली सरकवलं.

"बाबा, तुम्ही तिकडून ढकला."

दोघांनी बादली ओढत गल्ली ओलांडली. मागे ओली रेघ उमटत गेली. जिजाबाईंच्या उंबऱ्याशी वच्छला थांबली.

"काकू, मीठ बाहेर जात नाही ना? मग बर्फ आत आणू का?"

जिजाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि बरणी कडेवर घेऊन आल्या.

"खारं पाणी माह्याच मोरीत ओतजो," बादली आत येताच त्या म्हणाल्या आणि बर्फावर ओंजळ रिकामी केली. मग आणखी एक.

वच्छलेनं बादली गुडघ्यांत धरली आणि एका हातानं दांडा फिरवू लागली. लहानू येऊन उंबऱ्यावर बसला.

थोड्या वेळानं वच्छलेनं दुसराही हात दांड्यावर ठेवला.