काळूरामच्या सायकलची पहिली फेरी

हँडलला झेंडूचा हार पडला, चाकाखाली लिंबू गेलं, नारळही फुटला. आता मालकानं टांग टाकायची आणि देवळापर्यंत एक फेरी मारून यायची, एवढंच उरलं होतं. दसऱ्याचा दिवस. टोकावड्याची अर्धी आळी काळूरामच्या अंगणात जमली होती. काळूरामला मात्र शेजारच्या गोठ्यात शिरून दडून बसावंसं वाटत होतं.

कारण काळूरामला सायकल येत नव्हती.

हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. असणार तरी कसं? जो माणूस कल्याणच्या भंगारातून गिअरच्या सायकलचा जुना सांगाडा एसटीच्या टपावर टाकून आणतो, त्याला रेसच्या सायकलचं मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल लावतो, मागे दूधवाल्याचं दणकट कॅरिअर ठोकतो, त्याला सायकल येत नसेल अशी शंका ब्रह्मदेवालाही यायची नाही. वर्षभर तो भातगिरणीतून सुटला की सायकलला भिडायचा. बेअरिंगचे छर्रे रॉकेलमध्ये धुवायचा, चाक फिरवून बघायचा, घंटी वाजवून एकटाच खुदखुदायचा. बनवण्यातच एवढी गंमत होती की शिकायचं राहूनच गेलं. कुणी विचारलं, की "अजून काम हाय" म्हणायचा. आणि काम निघायचंही. सीट तर जेव्हा बघावी तेव्हा बोटभर खाली उतरलेली. त्यानं बोल्ट बदलला, पत्र्याची पट्टी घातली, तरी सीट आपली खालीच.

"काय रं काळूराम, मुहूर्त टळंल!" शेजारचा नवशा ओरडला. "का आंतरपाट धरू?"

सगळे खो खो हसले. काळूरामही हसला, पण त्याची नजर पळवाट शोधत होती. एवढ्या लोकांसमोर आपटलो तर पुढल्या दसऱ्यापर्यंत गाव हेच सांगत बसेल. तेवढ्यात आरतीचं ताट घेतलेली बायको दिसली आणि त्याचं डोकं विजेसारखं चाललं.

"आमच्या घरात पयला मान लक्ष्मीचा!" तो छाती काढून म्हणाला. "हौसा, तू बस गो!"

भलताच खूश झाला तो स्वतःवर. आता हौसा तोंडाला पदर लावून घरात पळणार, लोक हसणार, सोनं वाटायला पांगणार आणि सायकल सुखरूप पडवीत जाणार.

हौसानं ताट नवशाच्या हातात दिलं. कासोटा घट्ट खोचला. पडवीत जाऊन पाना आणला आणि सगळ्यांसमोर सीट बोटभर खाली घेतली.

काळूरामचा आ वासला तो वासलेलाच राहिला.

हौसानं टांग टाकली. लिंबू चिरडलं, कोंबड्या उधळल्या, बाया किंचाळल्या आणि सायकल अंगणातून सुटली ती थेट देवळाच्या उताराला लागली. हारातले झेंडू उडत होते. देवळाला वळसा घालून, घंटीचा नुसता कल्लोळ करत, ती परत आली आणि काळूरामच्या पायाशी करकचून थांबली. नवशा विझलेलं ताट धरून तसाच उभा होता.

"बायकोला कवा शिकवलीस रं?" त्याला एवढंच सुचलं.

हौसा धापा टाकत हसत होती. ती काळूरामच्या कानाशी वाकली.

"तुमी गिरणीवर गेलात का मी मागल्या खळ्यात फिरवायची. आन तुमाला येत नाय, ते मला होळीपासनं ठाऊक हाय. आता गुमान मागं बसा न् म्हणा, मीच शिकवली. उद्यापासनं खळ्यात सीट मी धरते."