तिसरा आकडा

थांब्यावरच्या पाटीवर प्रत्येक वाहनापुढे तीन आकडे असायचे: भाडं, वेळ आणि त्या फेरीच्या धुराने रस्त्यालगत कुणाला किती मिनिटं धाप लागेल ते. तिसऱ्या रकान्यात शालन रोज एकच नाव वाचायची: नवगिरेकाका, पहिला मजला. दम्यामुळे काका सहा वर्षांत जिना उतरले नव्हते. पेट्रोलच्या रिक्षाने ती नऊ मिनिटांत ऑफिसला पोचली असती, पण रिक्षापुढे काकांची अकरा मिनिटं लिहिलेली पाहून ती रडतखडत येणारी ट्रामच धरायची. रांगेतले बाकीचेही तेच करायचे, चडफडत.

आज सगळ्या वाहनांपुढे तिसरा आकडा शून्य होता. काकांचं नावच नव्हतं.

समोरची ट्राम सोडून शालन त्यांच्या इमारतीकडे धावली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर काका पिशवी घेऊन उभे होते.

"दमा बरा झाला, म्हणून डॉक्टरांनी काल पाटीवरून माझं नाव काढलं," ते म्हणाले. "म्हटलं, मंडईत जाऊन यावं. सगळ्यात स्वस्त काय पडेल गं?"

"चालत," शालन म्हणाली आणि तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.