आठवड्याचं वचन

१९८३ साली आळीत प्रार्थनेचा समूह सुरू झाला आणि दर गुरुवारी संध्याकाळी पंधरा घरं एका ओट्यावर जमू लागली. फेबियन मास्तर आठवड्याला बायबलातलं एक वचन द्यायचे आणि ते कोण कसं जगलं, हे ज्याने त्याने पुढच्या गुरुवारी सांगायचं. या खेपेचं वचन शेजाऱ्यावरच्या प्रीतीचं होतं. रोझमेरी दंडावरचे वळ पदराखाली झाकून बसली होती. नवरा मारतो, हे आज आपल्या पाळीला सगळ्यांसमोर सांगायचंच, असं ठरवून ती आली होती.

पहिली पाळी सालोमीची. तिने आपल्या वाडीत पडलेले शेजाऱ्याचे दोन नारळ परत केले होते. तिसऱ्याबद्दल ती काही बोलली नाही.

मग रोझमेरीच्या भिंतीला भिंत असलेली बेटीबाय उठली.

“नाव घेत नाही कुणाचं. पण मंगळवारी दुपारी शेजारून एवढा आरडाओरडा, काय सांगू! मी खिडकी लावून घेतली, गुडघे टेकले आणि त्या पोरीसाठी माळ घेऊन अख्खी रोझरी म्हटली. पाचवं, शेवटचं रहस्य संपलं आणि ओरडणं थांबलं. प्रभूने लगेच ऐकलं बघा!”

“याला म्हणतात वचन जगणं!” मास्तर म्हणाले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. “हं, रोझमेरी, आता तू.”

रोझमेरी उठली.



“मीपण तेव्हा प्रार्थनाच करत होते, बेटीबाय. तुम्ही दार वाजवावं म्हणून.”